प्रोग्रामलाही फेरफार वही हवी

जमिनीचा तुकडा एका हातातून दुसऱ्या हातात गेला की त्याची नोंद व्हावी, ती कोणी केली, कशाच्या आधारे केली आणि तिला मान्यता कोणी दिली हे पुढच्या पिढीला वाचता यावे, एवढी दक्षता महाराष्ट्रातील महसूल व्यवस्थेने फार पूर्वीपासून घेतली आहे. अक्षरओळख नसलेला शेतकरीही सात-बारा आणि फेरफार हे दोन शब्द ओळखून असतो. पण ज्याच्या बळावर आज त्या सात-बाराचाच नव्हे, तर बँकेतील खात्याचा, रेल्वेच्या तिकिटाचा आणि परीक्षेच्या निकालाचाही कारभार चालतो, तो संगणकाचा प्रोग्राम कोणी, केव्हा आणि का बदलला याची वही ठेवण्याची सवय मात्र इकडच्या शिक्षणात अजून मुरलेली नाही. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे चार विद्यार्थी मिळून केलेला प्रकल्प परीक्षकापुढे ठेवतात, तेव्हा त्यांच्या पेनड्राइव्हवर ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरे’ अशा नावांची पाच-सहा पुडकी असतात. आणि त्यांतले खरोखर अखेरचे कोणते, हे त्या चौघांनाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

हा दोष बुद्धीचा नाही आणि सर्वस्वी आळसाचाही नाही. तो न शिकवलेल्या शिस्तीचा आहे. संगणकाच्या व्यवसायात या शिस्तीला आवृत्ती-नियंत्रण म्हणतात. नाव अवजड असले तरी आशय साधा आहे: अनेकांनी मिळून करावयाच्या लेखनात झालेला प्रत्येक बदल, बदलणाऱ्याच्या नावानिशी, तारखेनिशी आणि कारणानिशी नोंदवून ठेवणे; कोणताही जुना पाठ हवा तेव्हा जसाच्या तसा परत काढता येईल अशी तजवीज करणे; आणि दोघांनी एकाच ओळीला हात घातला तर त्याची वाच्यता होईल, एकाचे काम दुसऱ्याच्या कामाखाली गुपचूप गाडले जाणार नाही, याची खबरदारी घेणे. ही शिस्त प्रकल्प संपत आल्यावर अंगीकारण्याची नाही. पहिली ओळ लिहिण्याआधी वही उघडली पाहिजे.

शिळफाट्यावरचे चौघे

रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला, बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोलीला लागून शिळफाटा आहे. मुंब्रा-डोंबिवलीकडचा त्याच नावाचा फाटा वेगळा. या कर्जत-खालापूर पट्ट्यात एकीकडे कारखाने, दुसरीकडे भातशेती आणि तिसरीकडे ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या अशी वस्ती आहे. कर्जतला आणि रसायनीला अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. त्यामुळे कारखान्यातील कामगाराची मुलगी किंवा शेतकऱ्याचा मुलगा संगणकशास्त्र शिकतो, ही आता नवलाई राहिलेली नाही.

अशा महाविद्यालयातील एखाद्या गटाचे चित्र कोणाही शिक्षकाच्या परिचयाचे असेल. एक जण शिळफाट्यावर राहतो, दुसरी खालापुरात, तिसरा नेरळला आणि चौथी कर्जतच्या वसतिगृहात. प्रकल्प एकच, घरे चार. वर्गात भेटतात तेवढाच काळ एकत्र. उरलेले काम ज्याने त्याने आपापल्या ठिकाणी करावयाचे. घाटाच्या तोंडाशी पाऊस धो-धो कोसळू लागला की वीज जाते, इंटरनेट त्याआधीच गेलेले असते. मग जमेल तेव्हा फाइल व्हॉट्सॲपवर टाकायची, समोरच्याने ती उतरवून घ्यायची, तिच्यात आपली भर घालायची आणि परत पाठवायची. यात एके दिवशी दोघे एकाच फाइलवर काम करतात. ज्याची फाइल नंतर येते ती राहते; आधीच्याचे तीन रात्रींचे काम पुसले जाते. ते पुसले गेले हे कळायलाही आठवडा लागतो, कारण संगणक तक्रार करीत नाही आणि फाइलचे नाव तेच असते.

याहून मोठा अन्याय परीक्षेच्या दिवशी होतो. चौघांच्या नावावर एकच प्रकल्प आणि बहुधा एकच गुण. ज्याने रात्री जागवल्या तो आणि ज्याने केवळ मुखपृष्ठ छापून आणले तो, दोघे एका पंक्तीला बसतात. परीक्षकाने विचारलेच, तर बोलण्यात चतुर असलेला विद्यार्थी बाजी मारतो; काम करणारी पण चारचौघांत बोलताना अडखळणारी मुलगी मागे राहते. तिने काय केले याचा लेखी पुरावा कोठेच नसतो. शहरातील विद्यार्थ्याला ओळखीपाळखी असतात, कोणाचा मामा किंवा शेजारी एखाद्या कंपनीत असतो. शिळफाट्याच्या विद्यार्थ्याला आपल्या कामाखेरीज दुसरा जामीन नाही. ते काम केव्हा, कसे आणि किती चुका सुधारत झाले याची नोंद नसेल, तर त्याचा हा एकमेव जामीनही बिनसहीचा ठरतो.

कंसातले नाव

ही नोंद कशी असावी हे समजण्यासाठी संगणकशास्त्राचे ग्रंथ उघडण्यापूर्वी फेरफाराची रीत आठवावी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची आहे. तिच्यानुसार खरेदी, वारसा, वाटणी अशा कोणत्याही मार्गाने हक्क मिळाला की त्याची वर्दी गावच्या तलाठ्याला द्यावयाची असते. त्या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी असे नाव मिळाले आहे. तो गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या वहीत, क्रमांक घालून नोंद करतो. चावडीवर नोटीस लागते, हितसंबंध असलेल्यांना कळवले जाते, हरकत आली तर ती वेगळ्या नोंदवहीत चढते. नोंद लिहिणारा आणि तिला प्रमाणित करणारा हे दोघे वेगळे असतात. मंडळ अधिकाऱ्याने ती तपासून मंजूर केल्यावरच सात-बारावर तिचा अंमल होतो. हाताने लिहिलेल्या सात-बारावर जुन्या खातेदाराचे नाव खोडून काळे केले जात नसे. त्याला कंस केला जाई. नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहिला जाई. त्या क्रमांकाचे बोट धरून कोणालाही मागे मागे जाता येते.

आवृत्ती-नियंत्रणाची रचना याहून फारशी निराळी नाही. प्रोग्रामचा आजचा पाठ हा सात-बारा. त्यामागची बदलांची मालिका ही फेरफाराची वही. प्रत्येक बदलाला कमिट म्हणतात. त्यावर लिहिणाऱ्याचे नाव, वेळ आणि कारण असते. प्रत्येक ओळ कोणत्या कमिटने आली हे एका आज्ञेने पाहता येते, जसे सात-बारावरील वर्तुळातील क्रमांकावरून पाहता येते.

या कंसाचे मोल केवळ कारकुनी नाही. आदिवासींच्या जमिनी बिगर-आदिवासींच्या नावावर गेल्या तेव्हा त्या परत मिळवून देण्यासाठी महाराष्ट्राने १९७४ चा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरांना तो लागू आहे. पण अमुक साली ही जमीन अमुक आदिवासी खातेदाराच्या नावे होती, हे सिद्ध कशाने करावयाचे? जुन्या फेरफारानेच. नोंदवही आपोआप न्याय देत नाही. खोट्या नोंदी होतात, गरिबाची वहिवाट कागदावर येतच नाही, हे कर्जत-खालापूरने इतर कोणाहूनही कमी पाहिलेले नाही. परंतु कंसातल्या नावाला दाद मागता येते. खोडून टाकलेल्या नावाला ती मागता येत नाही. प्रोग्रामच्या बाबतीतही नेमके हेच खरे आहे.

विद्येच्या क्षेत्रातही मराठी माणसाला ही दृष्टी परकी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, ती नकलांमधून शिरलेले अपपाठ दूर करण्यासाठी. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते पुरे झाले. संपादकांनी स्वीकारलेला पाठ वर छापला आणि न स्वीकारलेले पाठभेद, ते कोणत्या हस्तलिखितात आहेत हे सांगून, तळाशी दिले. आपला निर्णय चुकला असेल तर पुढच्या अभ्यासकाला तो तपासता यावा, हा त्यामागचा प्रामाणिकपणा. मात्र ही सारी खटपट करावी लागली ती शतकानुशतके नकला होत असताना फेरफाराची वही कोणी ठेवली नव्हती म्हणून. प्रोग्राम लिहिणाऱ्याला ती पहिल्या दिवसापासून ठेवता येते.

अर्धशतकाचा अनुभव

संगणकाच्या जगालाही ही अक्कल एका दिवसात आली नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये अशी पहिली महत्त्वाची प्रणाली तयार केली. वॉल्टर टिची यांची दुसरी प्रणाली १९८० च्या दशकाच्या आरंभी आली. या दोन्हींत सामान्यतः एकाने फाइल घेतली की तिला कुलूप लागे आणि दुसऱ्याने वाट पाहावी लागे. ग्रंथालयातून पुस्तक नेल्यासारखे. १९८६ मध्ये डिक ग्रून यांनी सुरू केलेल्या प्रणालीने अनेकांना एकाच वेळी काम करण्याची वाट मोकळी केली. तरीही संपूर्ण इतिहास एका मध्यवर्ती यंत्रावरच राहत असे. ते यंत्र बंद पडले किंवा तेथवर पोचता आले नाही, तर काम अडले.

आजची सर्वत्र वापरली जाणारी प्रणाली म्हणजे गिट. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी ती एप्रिल २००५ मध्ये लिहिली, आणि लिहिली ती गरजेपोटी. लिनक्सच्या कामासाठी एका कंपनीची प्रणाली विनामूल्य वापरली जात होती. ती सवलत काढून घेण्यात आली, तेव्हा जगभर विखुरलेल्या शेकडो लोकांची वहीच बंद पडण्याची वेळ आली. अवघ्या काही दिवसांत गिट उभे राहिले आणि ७ एप्रिलपासून गिटचा स्वतःचा इतिहासच गिटमध्ये नोंदला जाऊ लागला. त्याच वर्षी जुलैत टॉरवाल्ड्स यांनी त्याची जबाबदारी जुनिओ हामानो यांच्याकडे सोपवली.

गिटचे दोन गुण शिळफाट्याच्या चौघांना विशेष उपयोगाचे आहेत. पहिला असा की, प्रत्येकाच्या संगणकावर संपूर्ण वही असते, केवळ शेवटचे पान नव्हे. पावसात इंटरनेट गेले तरी नोंदी करता येतात, जुने पाठ काढता येतात, दोन पाठ ताडून पाहता येतात. संपर्क आला की नोंदी पाठवता येतात. एकाचा लॅपटॉप चोरीला गेला तर इतर तिघांकडे त्यांनी शेवटी घेतलेली वही शाबूत असते. दुसरा गुण असा की, प्रत्येक नोंदीची ओळख तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेल्या अक्षर-अंकांच्या लांबलचक खुणेने होते, आणि त्या गणितात आधीच्या नोंदीची खूणही धरलेली असते. मागचे एक अक्षर बदलले तर पुढच्या साऱ्या खुणा बदलतात. वहीतले पान फाडता येणारच नाही असे नाही. पण इतरांच्या नकळत फाडता येत नाही.

फाटा आणि हमरस्ता

गिटमध्ये ब्रँच असा एक शब्द येतो आणि नवखा विद्यार्थी तेथे बिचकतो. शिळफाट्याच्या विद्यार्थ्याने तरी बिचकण्याचे कारण नाही, कारण ब्रँच म्हणजे फाटाच. चालू असलेला, धड असलेला पाठ हा हमरस्ता. नवे काम करावयाचे तर त्यातून फाटा काढावा, तेथे हवी ती मोडतोड करावी, काम जमले की फाटा हमरस्त्याला आणून मिळवावा, न जमले तर तो तेथेच सोडून द्यावा. हमरस्त्यावरची वाहतूक दरम्यानच्या काळात थांबत नाही.

कोणता रस्ता हमरस्ता हेही सोयीने ठरते. खोपोलीच्या रेल्वेचाच इतिहास पाहावा. १८५६ मध्ये लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला तेव्हा मुंबईकडून घाटाच्या पायथ्यापर्यंत येणारी मुख्य वाट तीच होती. पुढचा घाट पालखीने, तट्टावर किंवा पायी चढावा लागे. १८६३ मध्ये बोरघाटातून गाडी वर गेली आणि खोपोलीची मुख्य वाट फाटा झाली. ती आजही चालू आहे. एकेकाळचा मुख्य पाठ बाजूला पडला म्हणून तो नाहीसा करावा लागत नाही, आणि नवा मार्ग सिद्ध झाला की त्याला मुख्य म्हणण्यात संकोच असू नये. चांगल्या आवृत्ती-नियंत्रणात ही दोन्ही तत्त्वे आपोआप पाळली जातात.

दोन फाटे मिळवताना कधी टक्कर होते. दोघांनी एकच ओळ दोन तऱ्हांनी बदललेली असते. गिट तेथे थांबते आणि दोन्ही पाठ समोर ठेवून विचारते, यांतला कोणता घ्यावयाचा? विद्यार्थी याला संकट समजतात. वस्तुतः हे वरदान आहे. व्हॉट्सॲपच्या पद्धतीत हीच टक्कर होते, पण मुकाट्याने होते आणि दुबळ्याचे काम त्यात जाते. येथे दोघांना समोरासमोर बसून बोलावे लागते.

वही कशी उघडावी

प्रत्यक्ष मांडणी एका दुपारचे काम आहे. प्रथम गटाने एकच सामाईक कोठार निश्चित करावे. गिटच्या भाषेत त्याला रिपॉझिटरी म्हणतात. ते गिटहब किंवा गिटलॅबसारख्या सेवेवर ठेवता येते, किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील एका जुन्या संगणकावरही ठेवता येते. प्रत्येकाने त्याची संपूर्ण नक्कल आपल्या यंत्रावर उतरवावी आणि तेथे स्वतःचे नाव व ई-मेल नोंदवावे. हे न केल्यास सहा महिन्यांनी वहीत ‘यूजर’ आणि ‘लॅब पीसी’ अशा निनावी मंडळींचे कर्तृत्व दिसते.

दुसरी गोष्ट, वहीत काय लिहू नये याची यादी आरंभीच करावी. यंत्राने निर्माण केलेल्या फाइली, तात्पुरते साठे, लोकांची खाजगी माहिती आणि विशेषतः पासवर्ड यांना वहीत थारा नाही. एकदा नोंदलेला पासवर्ड दुसऱ्या दिवशी पुसला तरी इतिहासात तो राहतो. वहीचा जो गुण तोच येथे धोका होतो. असे घडलेच तर पुसण्याच्या खटपटीत वेळ न दवडता आधी तो पासवर्डच बदलावा.

तिसरी गोष्ट, नोंदी लहान असाव्यात. एक नोंद म्हणजे एक बदल. महिन्याभराचे काम एका नोंदीत कोंबणे म्हणजे आठ खरेदीखतांचा एकच फेरफार घालणे. नोंदीखालचे कारण शब्दांत लिहावे. ‘बदल केला’, ‘सुधारणा’, ‘फायनल’ हे शब्द कारण सांगत नाहीत. ‘शून्य उपस्थिती असलेल्या विद्यार्थ्याची टक्केवारी काढताना प्रोग्राम बंद पडत असे, ते दुरुस्त केले’ हे कारण झाले. कचेरीतील जुन्या टिपणी लिहिणाऱ्यांना हे सांगावे लागत नसे. प्रस्तावाखाली कारणमीमांसा नसेल तर फाइल परत येई.

चौथी गोष्ट, हमरस्त्यावर कोणीही थेट लिहू नये. आपल्या फाट्यावरचे काम मिळवून घ्या अशी विनंती करावी आणि गटातील दुसऱ्या कोणी ते वाचून संमती द्यावी. लिहिणारा आणि प्रमाणित करणारा वेगळे, हे फेरफाराचे तत्त्व येथे अक्षरशः लागू पडते. शेवटी, प्रकल्प सादर करण्याच्या दिवशी त्या पाठावर ठळक खूण लावावी. मग ‘फायनल खरे’ असे नाव देण्याची गरज उरत नाही.

आक्षेप आणि उत्तरे

यावर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की, एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा रोज एक नक्कल काढून ठेवली तर काय बिघडले? बिघडले असे की नक्कल काय होते ते सांगते, का बदलले ते सांगत नाही. उलट, गिट असले म्हणून वेगळी राखीव प्रत नको, हाही गैरसमज आहे. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून चालू माहितीसाठा पुसला गेला. राखीव प्रती काढण्याच्या ज्या अनेक योजना होत्या त्यांपैकी बहुतेक चालतच नव्हत्या हे तेव्हा उघडकीस आले आणि सुमारे सहा तासांची माहिती गेली. लोकांच्या प्रोग्रामच्या वह्या मात्र सुखरूप राहिल्या. कंपनीने आपली चूक न लपवता जगापुढे मांडली, हे तिला शोभणारे होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रत्येक नोंदीवर नाव आणि वेळ असेल तर ही पाळत नव्हे काय? मास्तर किंवा मालक नोंदी मोजू लागले तर? ही भीती निराधार नाही. नोंदींच्या संख्येवरून गुण देणे म्हणजे फेरफारांच्या संख्येवरून जमिनीचा कस ठरवणे. असे झाले की हुशार विद्यार्थी एकेक स्वल्पविराम बदलून शंभर नोंदी करील. शिवाय जिच्या घरी संगणक नाही, जी मैत्रिणीच्या लॅपटॉपवर शेजारी बसून विचार पुरवते, तिचे नाव वहीत येणारच नाही. यासाठी नोंदीखाली सहलेखकाचे नाव लिहिण्याची रीत प्रचलित आहे. ती शिक्षकांनी आग्रहाने पाळायला लावली पाहिजे. वही वाचावयाची असते, मोजावयाची नसते. शिक्षकाने पाच-सहा नोंदी काढून विद्यार्थ्याला विचारावे, येथे तू हा मार्ग का सोडलास? उत्तरातच सारे कळते. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता क्षणात पानेच्या पाने लिहून देऊ लागली आहेत, म्हणून तर हा प्रश्न विचारणे अधिकच अगत्याचे झाले आहे. एका रात्रीत आलेली दोन हजार ओळींची एकुलती एक नोंद आणि चार महिन्यांत चुकत-सुधारत वाढलेली वही यांतील फरक अनुभवी शिक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

तिसरा आक्षेप परावलंबनाचा. गिटहब ही कंपनी २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. विद्यार्थ्यांचे सारे काम परदेशी कंपनीच्या दारात नेऊन ठेवावे काय? येथे दोन गोष्टींची गल्लत होते. गिट ही वही. ती कोणाच्याही मालकीची नाही, विनामूल्य आहे आणि प्रत्येकाच्या हातात पूर्ण आहे. गिटहब हे ती ठेवण्याचे एक कपाट. कपाट बदलता येते. लिनक्सवर २००५ मध्ये आलेली पाळी हेच शिकवते की कपाटाच्या मालकावर विसंबू नये. महाविद्यालयांनी स्वतःचे कपाट करावे. त्यासाठी लागणारे प्रोग्रामही मुक्त आहेत.

वही उघडी असावी

हा प्रश्न महाविद्यालयाच्या आवारात संपत नाही. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले की, आपल्या संगणकावर दुरून प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे. त्याने पाठपुरावा केला तेव्हा लिनक्सच्या अनेक प्रणालींत वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड या लहानशा प्रोग्राममध्ये चोरदरवाजा बसवलेला आढळला. तो बसवणाऱ्या खातेदाराने दोनेक वर्षे सरळ काम करून विश्वास मिळवला होता. यातली मेख अशी की, दरवाजा उघडणारा कळीचा तुकडा गिटच्या उघड्या वहीत नव्हताच. तो वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात तेवढा घुसडला होता. लोक वही वाचत होते आणि वापरत होते गठ्ठा. प्रकार उघडकीस आल्यावर त्या खातेदाराचे जुने काम एकेक करून तपासता आले, ते मात्र वहीमुळेच. वही असून भागत नाही. जे वापरात येते ते वहीशी ताडून पाहिले पाहिजे, हा त्यातला धडा.

शासनाच्या प्रोग्रामांना तो अधिकच लागू आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी प्रोग्रामचा मूळ मजकूर खुला करून सहकार्याने विकास करण्याचे धोरण स्वीकारले. आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड पाठाचा मजकूर मे २०२० मध्ये लोकांसाठी खुला करण्यात आला. ही पावले योग्य दिशेची आहेत. तथापि एक दिवस मजकूर खुला करणे वेगळे आणि त्यातील प्रत्येक बदलाची वही निरंतर खुली ठेवणे वेगळे. पहिले सात-बाराची एक प्रत चावडीवर चिकटवण्यासारखे आहे. दुसरे म्हणजे फेरफार नोंदवही नागरिकाच्या हाती देणे. ज्या राज्यात जमिनीचे फेरफार आता संगणकावर होतात, तेथे ते करणाऱ्या प्रोग्रामचे फेरफार पाहण्याचा अधिकार नागरिकाने मागितला तर ती मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

खुल्या वहीचे फळ गोड असते याचे उदाहरण मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोरच आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या मंडळाने मुक्त आणि बलू हे देवनागरी टंक खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध केले. ते कोणालाही वापरता येतात, त्यांची घडण पाहता येते, सुधारणा सुचवता येते. शिळफाट्यावरच्या विद्यार्थ्याने एखाद्या जोडाक्षराची चूक दाखवून ती दुरुस्त करून पाठवली आणि ती स्वीकारली गेली, तर त्याचे नाव त्या वहीत कायमचे राहील. तेथे कोणी त्याचे गाव विचारणार नाही, ओळखीचे पत्र मागणार नाही.

म्हणून करावयाच्या गोष्टी तीनच आहेत आणि त्यांतल्या एकीलाही मोठा खर्च नाही. काही अभ्यासक्रमांत गिटचा एखादा प्रयोग असतो. तो करून वहीवर सही घेतली की विसरला जातो. त्याऐवजी प्रोग्राम लिहिण्याच्या पहिल्याच सत्रात ही शिस्त लावावी आणि पुढचा प्रत्येक स्वाध्याय तिच्यातूनच स्वीकारावा. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात गिटवरची पाठमाला विनामूल्य उपलब्ध आहे. शिक्षकाने स्वतः एक आठवडा दिला तर पुरे. दुसरे, प्रकल्पाच्या परीक्षेला बाहेरून येणाऱ्या परीक्षकापुढे छापील अहवालाबरोबर ही वहीही ठेवावी आणि त्याने ती चाळल्याशिवाय गुण देऊ नयेत. सोनेरी अक्षरांत बांधून घेतलेल्या अहवालावर विद्यार्थ्याचे जे पैसे जातात, त्यांहून हे खात्रीने स्वस्त आहे. तिसरे, सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रोग्रामचे कंत्राट देताना तयार मालाबरोबर त्याची संपूर्ण वहीही शासनाच्या स्वाधीन करण्याची अट घालावी. कंत्राटदार बदलला म्हणून इतिहास जाता कामा नये.

घाटाखालच्या गावांनी जमिनीच्या बाबतीत एक गोष्ट फार किंमत देऊन शिकलेली आहे: ज्याची नोंद नाही त्याचे काहीच नाही. या गावांची मुले आता जमिनीऐवजी बुद्धीवर संसार उभा करू पाहत आहेत. त्यांची बुद्धी ज्या मजकुरात उतरते त्या मजकुराची वही त्यांच्या हातात पहिल्याच दिवशी दिली नाही, तर आजोबांच्या जमिनीचे जे झाले तेच नातवाच्या कामाचे होईल; आणि तेव्हा कंसातले नाव शोधावे म्हटले, तर कंसही सापडणार नाही.